पुष्टी शून्य

तापकीर गल्लीत माझं दुकान,
जुनी ग्राफिक्स कार्डं, पंखे, केबलींचे गुंते.
पाटीवर खाली बारीक अक्षरात : बिटकॉइन चालेल.
ती ओळ भाचीची, मृण्मयीची.
काउंटरखालचा तो जुना संगणकही तिचाच,
रात्रंदिवस गुणगुणणारा.
म्हणाली, "मामा, हा आपला तलाठी.
यात बँक नाही, साहेब नाही.
कुणी कुणाला किती दिले ते
जगभरचे असे संगणक एकमेकांच्या कानात सांगतात.
याला आठ शेजारी आहेत.
ते सांगतात तेवढंच याला कळतं."

तो आला तेव्हा एकला दहा कमी होते.
राखाडी टोपी, बोलणं अदबीचं.
ऐंशी हजारांचं कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं,
शालूचा काठ पाहावा तसं.
मग फोन काढला, चौकोन टिपला,
आणि माझ्या पडद्यावर उमटलं :
रक्कम येत आहे. पुष्टी शून्य.

शून्याचा अर्थ मला ठाऊक होता.
पत्रिका वाटून झाल्यात,
अक्षता पडायच्या आहेत.
वहीच्या पानावर चढायला दहाएक मिनिटं,
कधी वीस.
पण शटर अर्धं ओढलेलं,
डब्यात भाकरी नि आंबट चुका,
आणि तो म्हणाला, "काका, मला स्वारगेटहून सव्वाची गाडी आहे."

मी तलाठ्याला विचारलं.
आठही शेजारी म्हणाले, आलेत, आलेत.
आठ तोंडं, एक वाक्य,
काना-मात्रेचाही फरक नाही.
तिथंच खटकायला हवं होतं.
या गल्लीत आठ माणसांचं
चहात साखर किती यावरसुद्धा एकमत होत नाही.

कार्ड बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळून दिलं.
वर एक केबल फुकट.

चार वाजता शटर वर केलं.
पुष्टी शून्य.
वहीचं शेवटचं पान बारा चाळीसचं,
त्यानंतर एकही नाही.
जणू सगळं जग माझ्यासोबतच जेवायला गेलेलं.

मृण्मयी कर्वेनगरहून आली, गाडीची किल्ली बोटातच.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आठही त्याचेच होते, मामा."
पंधरा दिवस तो तलाठ्याच्या वहीत
खोटे पत्ते भरत होता, थोडे थोडे.
गुरुवारी वीज गेली, परत आली.
जागा झालेल्या तलाठ्यानं आठ दारं ठोठावली.
आठही घरांत एकच माणूस.
माझ्या कानात त्यानं माझं नाव घेतलं,
आणि बाहेर, साऱ्या दुनियेत,
तेच पैसे स्वतःलाच दिल्याचं सांगितलं.

तिनं आपल्या फोनवरून एक बाहेरचा शेजारी जोडला.
पानं धडाधड आली, वीस-बावीस.
आणि ती ओळ पडद्यावरून गेली.
खोडलीही नाही, डागही नाही.
फक्त नव्हती.

शेजारचे रफिकभाई आत्तार सोल्डरिंग खाली ठेवून म्हणाले,
"बाजारात तुरी होत्या, शेठ.
त्यानं त्या तुमच्या हातावर दिल्या."
मला हसू आलं, त्याचाच राग आला.

अण्णांचं नाना पेठेत भुसाराचं दुकान होतं.
गुळाचा भाव चढला असं चार जण येऊन सांगत,
तरी ते हमालाला भवानी पेठेत पिटाळत :
"तिकडचे काय म्हणतात, ऐकून ये."
आम्हा पोरांना तो संशयी स्वभाव वाटायचा.
चौघेही एकाच अड्ड्यावरून उठून आले असतील,
एवढंच ते जाणून होते.

आता एक तलाठी हडपसरला आहे,
मृण्मयीच्या मैत्रिणीकडे, दुसऱ्याच कंपनीच्या तारेवर.
पैसे आले की मी तिकडे फोन करतो.
ती भाजी चिरता चिरता सांगते, "हो काका, इथंही दिसतंय,
पण थांबा."
मी थांबतो.
गिऱ्हाइकाला स्टूल देतो, चहा सांगतो.
निम्मे जण उठून जातात.

पाटीवर एक ओळ वाढली आहे :
पुष्टीशिवाय माल मिळणार नाही.
आणि एकचे सव्वा झाले तरी
डबा उघडायचा धीर होत नाही.